स्वस्त खोलीत कोण राहतो?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



बैठकीच्या पत्रिकेवर कापसाचा भाव आहे, ज्वारी आहे, वीजबिल आहे, आणि मध्येच 'रत्नागिरीची घरे' असा विषय आहे. सकाळपासून चार-पाच जणांनी आम्हाला विचारले, "भाऊ, कपाशी सोडून हे कोकण कुठून काढले?" त्याचे कारण आधी सांगतो.

एका तालुक्याच्या बैठकीत ठराव आला. आपली पोरे चाकण, रांजणगाव, वाळूजला जातात, एकेका खोलीत आठ-आठ जण झोपतात, भाड्यात निम्मा पगार जातो. तेव्हा सरकारने त्यांना स्वस्त भाड्याची घरे द्यावीत, अशी आपण मागणी करावी. ठराव चांगल्या मनाने मांडलेला होता. टाळेबंदीत लाखो माणसे चालत गावाकडे निघाली, ते सगळ्यांनी पाहिले. त्यानंतर जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने शहरांतल्या स्थलांतरितांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना मंजूर केली. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात कारखान्यांतल्या कामगारांसाठी वसतिगृहासारखी भाड्याची घरे बांधण्याची घोषणा झाली. त्यामुळे मागणी वेळेवरची वाटते.

आम्ही म्हटले, थांबा. अशी घरे आपल्या राज्यात शंभर वर्षांपूर्वी बांधून झाली आहेत. त्यांत कोण राहिले, त्यांचे काय झाले, हे बघून येऊ आणि मग हात वर करू. त्या घरांत राहिलेला माणूस शोधायचा तर मुंबईत शोधून अर्धाच सापडतो. उरलेला अर्धा रत्नागिरी जिल्ह्यात आहे. म्हणून आम्ही शिमग्याला संगमेश्वर आणि लांजा तालुक्यांतल्या वाड्यांवर आठ दिवस फिरलो.

गाठीमागे एक रुपया

आधी त्या घरांची गोष्ट. पहिले महायुद्ध संपले तेव्हा मुंबईत गिरण्यांची भरभराट होती आणि कामगाराला पाय पसरायला जागा नव्हती. गव्हर्नर जॉर्ज लॉइड याने १९२० मध्ये विकासाचे एक खाते काढले, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. त्याचीच बीडीडी ही आद्याक्षरे. पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत होता. बांधून झाल्या साडेसोळा हजारांच्या आसपास. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ चाळी. तळमजला धरून चार मजले, चाळीला ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. संडास-मोरी मजल्याच्या टोकाला, सगळ्यांची मिळून.

आता पैसा कुठून आला ते ऐका. त्यासाठी सरकारने मुंबईत येणाऱ्या कापसावर गाठीमागे एक रुपया कर बसवला. गिरणीच्या नफ्यावर नव्हे, कापडावर नव्हे. कापसावर! तो कर कागदोपत्री व्यापाऱ्याने भरला असेल. व्यापारी असा रुपया कोणाच्या मापात वळता करतो, हे वऱ्हाड-खानदेशातल्या माणसाला सांगायला नको. म्हणजे आपल्या पणजोबांनी न बघितलेल्या त्या खोल्यांच्या भिंतीत त्यांची सरकी-रुई थोडीफार गेलेली आहे.

एवढे करूनही खर्च भरून निघेल असे भाडे कामगाराला झेपेना. बऱ्याच खोल्या रिकाम्या पडल्या. १९३० च्या सत्याग्रहात वरळीच्या रिकाम्या चाळी सरकारने तुरुंग म्हणून वापरल्या. पुढे भाडे खर्चापेक्षा खाली आणावे लागले, तेव्हा कुठे त्या भरल्या. खासगी चाळींचे भाडे १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने गोठवले, तेही १ सप्टेंबर १९४० च्या आकड्यावर. ज्याच्या हाती पावती होती त्याला ही दौलत मिळाली. ज्याच्या हाती नव्हती त्याच्यासाठी दार बंद झाले, कारण गोठलेल्या भाड्यावर नवी चाळ बांधायला कोण पुढे येणार? मग पागडी आली. बाजार कायद्याने मरत नाही, तो मागच्या दाराने येतो, हे आपण कापसातही बघितले आहे.

पाऊस चौपट, तरी माणूस बाहेर

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आपल्याकडे सातशे-आठशे. शेतकी कॉलेजात असताना आम्हाला वाटायचे, एवढे पाणी असून हा माणूस मुंबईला भांडी घासायला आणि साचे चालवायला का जातो? आमच्या एका प्राध्यापकांचे उत्तर तयार होते: कोकणी माणूस आळशी, मनिऑर्डरवर जगणारा. ते उत्तर आम्ही परीक्षेत लिहिले आणि मार्क मिळवले. आज त्याची लाज वाटते.

जमीन बघितली की कारण कळते. कातळ आणि जांभा. पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि वाहून समुद्राला जातो. सपाट भातखाचर चार-सहा गुंठ्यांचे, बाकी वरकस डोंगर, त्यावर नाचणी आणि वरी. पेरणीआधी राब भाजायचा, तरवा काढायचा, लावणी करायची. सगळे काम जून-जुलैच्या चिखलात. त्यावर खोत बसलेला. भाताचा निम्मा वाटा त्याचा, ते अर्धेल. वरकस पिकाचा तिसरा हिस्सा, ते तिर्धेल. खोती मोडायचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबईच्या विधानसभेत मांडले, जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांनी मुंबईत कौन्सिलवर मोर्चा नेला, आणि कायदा व्हायला १९४९ साल उजाडले.

तोवर वाडीतला एक पुरुष बोटीने मुंबईला गेलेला असायचाच. १९११ आणि १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत राहणाऱ्यांपैकी दोन लाखांवर माणसे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती, म्हणजे शहरातला पाचातला एक. (सिंधुदुर्ग तेव्हा याच जिल्ह्यात होता, तो १९८१ मध्ये वेगळा झाला.)

खोलीत अर्धे घर

लांजा तालुक्यातल्या एका वाडीत ऐंशी वर्षांच्या एक आजी भेटल्या. यजमान लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते. आम्ही विचारले, "आजी, मुंबईच्या खोलीत किती वर्षे राहिलात?" त्या हसल्या. म्हणाल्या, "उभ्या जन्मात ती खोली मी दोनदा बघितली. एकदा ते आजारी पडले तेव्हा, नि एकदा संप झाला तेव्हा सामान आणायला."

ती खोली त्यांची नव्हतीच. ती गावकऱ्यांची होती. एका गावचे वीस-पंचवीस गडी मिळून एक खोली भाड्याने घेत. प्रत्येकाची पत्र्याची ट्रंक, भिंतीला एक खुंटी, एक वळकटी. पहिल्या पाळीचा उठला की तिसऱ्या पाळीचा त्याच जागेवर आडवा होई. जेवण खानावळीत. ती खानावळही एखाद्या गिरणी कामगाराची बायको चालवायची, पहाटे तीनला उठून. एकादशीला भजन, गणपतीला आणि शिमग्याला गाव. पावसाळ्याच्या तोंडाला रजा मिळाली तर लावणीला हात, नाहीतर लावणी बाईनेच करायची.

स्वस्त खोलीत कोण राहत होता, याचे उत्तर हे. कामगार राहत होता म्हणणे अर्धेच खरे. एका शेतकरी कुटुंबाचा तोडून आणलेला तुकडा तिथे राहत होता. कुटुंबाचा उरलेला भाग, म्हणजे बायको, पोरे, म्हातारी माणसे, ही रत्नागिरीत नाचणीच्या भाकरीवर होती. सुरुवातीच्या कित्येक दशकांत गिरणीच्या पगारात बाळंतपण नव्हते, आजारपण नव्हते, म्हातारपणही नव्हते. हे सगळे वाडीने सोसले. माणूस थकला की वाडीने त्याला परत घेतला आणि त्याच्या जागी त्याचा पोरगा पाठवला. गिरणीला फक्त तरणा, चालता माणूस मिळाला. त्याला वाढवायचा आणि सांभाळायचा खर्च तिने कधी दिला नाही.

आपल्या चळवळीत आपण म्हणत आलो की कच्चा माल स्वस्त, धान्य स्वस्त आणि मजूर स्वस्त, या तीन पायांवर कारखानदारी उभी केली. चाळीखालच्या रेशन दुकानात धान्य स्वस्त मिळावे म्हणून साठ-सत्तरच्या दशकांत आपल्या ज्वारीवर लेव्ही होती. कापूस बाहेर जाऊ नये म्हणून निर्यातीवर कोटा होता. चौथा पाय आम्हाला आजवर दिसला नव्हता, तो या खोलीचा. एक हिशेब करू. समजा कारखान्याला माणूस टिकवायला अठरा हजार द्यावे लागतात, त्यात चार हजार भाड्याचे. सरकारने खोली हजार रुपयांत दिली. तीन हजार कोणाचे वाचले? पहिल्या वर्षी पोराचे. पुढच्या वर्षी नवी भरती पंधरा हजारांवर होते, आणि त्या दिवसापासून ते तीन हजार कारखानदाराचे वाचतात. अनुदान पावतीवर भाडेकरूच्या नावाने असते, पोहोचते पगाराच्या तक्त्यावर.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते. मुंबईच्या खासगी चाळींत दलित माणसाला खोली मिळत नसे. गिरणीतही विणकाम खात्यात त्याला घेत नसत, कारण तिथे सूत तोंडाने ओढावे लागे. इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या आणि बीडीडीच्या चाळींत त्याला जागा मिळाली. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे, मंडणगड तालुक्यातले. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत त्यांचे वीस वर्षांहून अधिक काळ वास्तव्य होते. बाजार जिथे जात विचारत होता, तिथे सरकारी खोलीने डोक्यावर छप्पर दिले. त्या माणसाला आम्ही अनुदानाचे अर्थशास्त्र शिकवायला जाणार नाही.

पावती कोणाच्या नावे

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. पुढचे तुम्हाला माहीत आहे. बरेच जण महिना-दोन महिन्यांत मिटेल म्हणून ट्रंक घेऊन गावी गेले. आजींचे यजमानही गेले. ते परत कामावर गेलेच नाहीत. वाडीने त्यांना वीस वर्षे पोसले.

खोलीचे काय झाले? भाडेपावती एकाच्या नावावर होती. बाकीच्या वीस-बावीस जणांनी वर्षानुवर्षे महिन्याची वर्गणी भरली, पण कागदावर ते नव्हतेच. चाळीच्या जागी इमारत उभी राहताना ज्याच्या नावाची पावती, त्याच्या वारसाला जागा. त्या माणसाने फसवले असे आजी म्हणत नाहीत, आम्हीही म्हणत नाही. कागदच तसा होता.

गिरणी कामगारांना घरे द्यायचे ठरले तेव्हा म्हाडाकडे पावणेदोन लाखांच्या आसपास अर्ज आले. २०१२ च्या सोडतीत ६,९२५ घरे निघाली, १ मार्च २०२० च्या सोडतीत ३,८९४. घराची किंमत साडेनऊ लाख. सगळ्या सोडती मिळून सोळा हजारांच्या आसपास. आजींचा अर्ज त्यांच्या मुलाने भरला आहे, पावती देव्हाऱ्यात ठेवली आहे. सरकारी चाळीतला भाडेकरू मात्र सुटला. १६० फुटांच्या बदल्यात ५०० फुटांचे घर, मालकीचे. वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी किल्ल्या मिळाल्या. चार पिढ्या एका खोलीत काढलेल्यांना घर मिळाले, त्याचा आनंदच आहे. योगायोग बघा, त्यानंतर पाचच दिवसांनी, १९ ऑगस्टपासून, केंद्राने परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, आधी सप्टेंबरअखेर आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. गाठीमागे रुपया घेतला होता त्यांची आठवण त्या आठवड्यात कोणाला नव्हती.

आणि रत्नागिरी? २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या आधीच्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. हजार पुरुषांमागे ११२२ बाया. वाड्यांवर फिरताना कुलुपे मोजत होतो, शेवटी मोजायचे सोडून दिले. ती घरे गणपतीत आणि शिमग्यात उघडतात. त्याच वाडीच्या खाली आंब्याच्या बागेत राखणीला आलेली नेपाळी कुटुंबे पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. आम्ही एका घरमालकाला विचारले, बंद घर भाड्याने का देत नाही? ते म्हणाले, "आत घेतलेला कूळ होतो. आमच्या बापाने जमिनीत बघितले ते पुरे." वारस बारा, सह्या कोण करणार, हे आणखी एक. म्हणजे राहायला घर आहे, राहायला माणूस आहे, आणि कायद्याच्या भीतीने मध्ये कुलूप आहे. खेड्यात सरकारची मदत स्वतःचे घरकुल बांधायला मिळते, सपाटीवर १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. बागेतल्या राखणदाराला त्यातले काही लागू नाही.

आता आपली पोरे

आता ठरावाकडे येऊ. 'वसतिगृहासारखी' हा शब्द नीट वाचा. वसतिगृहात खाट मिळते. तिथे बायको येत नाही, आई येत नाही, पोराची शाळा येत नाही. म्हणजे पुन्हा ट्रंक आणि खुंटी. राहणार कोण? तुमचा पोरगा. आणि त्याची बायको, त्याचे लेकरू तुमच्या पाच एकर कोरडवाहूवर, कापसाला भाव नसताना.

आमचे म्हणणे असे. खोली नको असे आम्ही म्हणत नाही. तापात पडलेल्या पोराला भिंत आणि नळ लागतो, त्याला तत्त्वज्ञान लागत नाही. पण मागणी करायची तर दोन खोल्यांची, कुटुंब राहील अशा घराची करा. खर्च कारखान्यावर टाका, कापसावर नको. आणि पावतीवर नवरा-बायको दोघांची नावे घाला. १९८६ मध्ये चांदवडला बाया जमल्या, त्यानंतर लक्ष्मीमुक्तीत अनेक गावांत पुरुषांनी जमीन बायकोच्या नावे केली. सातबाऱ्यावर जे करता आले ते भाडेपावतीवर करायला कोणती अडचण आहे? आजींचे नाव ना पावतीवर होते ना सातबाऱ्यावर. आम्ही तो उतारा बघितला.

ठराव आज मंजूर करू नका, नामंजूरही करू नका. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक यादी आणायची आहे. गावातून कोण बाहेर गेला, कुठे झोपतो, एका खोलीत किती जण, भाडे किती, पावती आहे का आणि कोणाच्या नावे, आणि इकडे त्याचे शेत कोण करते. शेवटचा रकाना रिकामा ठेवू नका, आणि तिथे 'घरचे' असे लिहू नका, बाईचे नाव लिहा. यादी गावच्या बाया आणि पुरुषांनी एकत्र बसून करायची आहे. कागद कार्यकर्त्यांकडे ठेवले आहेत, जाताना घेऊन जा.